फळीवरचा फराळ

मी एकतीस वर्षं नंदुरबारच्या एका शाळेत मराठी शिकवलं. म्हणजे एकतीस वर्षं 'पुढील कवितेचे रसग्रहण करा' असा प्रश्न काढला आणि त्याची उत्तरं तपासली. या धंद्याचा तोटा असा, की पुढे पुढे माणसाला साधी गोष्ट साधेपणाने चाखता येत नाही. पानात आमटी पडली तरी मला तिच्यात आशयसौंदर्य दिसू लागे. "फोडणी अर्थवाही आहे, पण मिठाच्या बाबतीत कवीचा संयम सुटला आहे," असं मी एकदा म्हणालो, तेव्हा आमच्या हिने पळी हवेत तशीच धरून विचारलं होतं, "जेवताय की पेपर तपासताय?"

मी म्हणालो, "दोन्ही."

"मग मार्क द्या आणि ताटली घासायला टाका," ही म्हणाली.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की या दिवाळीत माझ्यापुढे रसग्रहणाला जी कलाकृती आली ती कविता नव्हती आणि आमटीही नव्हती. ती एक फळी होती. लाकडाची, दोन हात लांब, आणि तिच्यावर चॉकलेट.

हा प्रकार माझ्या नातीने आणला. ती पुण्याला शिकते. तिकडे म्हणे नाताळात, वाढदिवसाला, चार मित्रमंडळी जमायची असली की आता ताटल्या मांडत नाहीत. एक मोठी फळी घेतात. तिच्यावर चॉकलेटचे तुकडे, केक, बिस्किटं, फळं, सुकामेवा असं सगळं दाटीवाटीने रचतात आणि मधे ठेवून देतात. मग सगळ्यांनी भोवती जमायचं आणि हाताने उचलून खायचं.

"म्हणजे सगळ्यांचं उष्टं?" मी विचारलं.

"उष्टं नाही आजोबा, शेअरिंग."

शेअरिंग आम्हीही केलेलं आहे. आमच्या लहानपणी त्याला 'चिमणीच्या दातांनी तोडणं' म्हणत. गोळी सदऱ्याच्या टोकात गुंडाळायची, वरून दाताने फोडायची आणि अर्धी मित्राला द्यायची. सदऱ्याचं कापड मधे आल्यामुळे उष्टं होत नसे, असं आमचं धर्मशास्त्र होतं. सदरा किती दिवसांचा आहे याबद्दल धर्मशास्त्र गप्प होतं.

आता चॉकलेटवर बोलायचा तुम्हाला अधिकार काय, असं कुणी विचारील. रास्त प्रश्न आहे. आमच्या पिढीत, निदान खानदेशात, चॉकलेट हा एक पदार्थ नव्हता, ती जात होती. कागदात गुंडाळलेलं, गोड आणि तोंडात घोळवता येणारं जे जे, ते ते चॉकलेट. लिमलेटची गोळी हे चॉकलेट. दुकानदाराने सुट्टे नाहीत म्हणून हातावर ठेवलेली गोळी हेही चॉकलेट. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावची गोळी तर अस्सल चॉकलेट. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली तिथे साखरेचा उद्योग उभा केला, आणि पुढे तिथल्या गोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे गाल फुगवले. २०२४ साली त्या गोळ्यांचे ब्रँड २७ कोटींना विकले गेल्याचं वाचलं तेव्हा वाईट वाटलं. सबंध बालपणाची किंमत एवढीच? मग हिशेब केला, त्यात माझा वाटा चार-पाच रुपयांचा असेल. तेवढ्यात गेलं म्हणजे फार स्वस्तात गेलं असं नाही.

खरं चॉकलेट, म्हणजे ज्यात कोको असतो ते, आमच्याकडे मुंबईच्या पाहुण्यांच्या पिशवीतून येई. त्याला मात्र आम्ही चॉकलेट म्हणत नसू. ती 'कॅडबरी'. कंपनी भारतात आली १९४८ साली, आणि तिचं आडनाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. थोडक्यात, जे चॉकलेट नव्हतं त्याला आम्ही चॉकलेट म्हणत होतो आणि जे चॉकलेट होतं त्याला दुसरंच काही. इतक्या सखोल ज्ञानाच्या जोरावर, शिवाय डॉक्टरांनी साखर बंद केलेली असताना, मी समीक्षेला बसलो. ज्याला खायची बंदी आहे तोच खरा निःपक्षपाती समीक्षक, असं मी स्वतःला समजावलं.

आता मूळ प्रसंग.

गेल्या फेब्रुवारीत ही गेली. वर्षाच्या आत आहे, म्हणून यंदा आमच्या घरी कढई चढायची नव्हती. आपल्याकडे रीतच आहे. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल तिथे दिवाळीचं तळण होत नाही. शेजारीपाजारी आणि नातलग आणून देतात. ही रीत ज्याने पाडली तो मोठा चतुर असला पाहिजे. दुःखातल्या माणसाला 'काही लागलं तर सांगा' असं म्हटलं तर तो कधीच काही सांगत नाही. चकल्यांचं ताट घेऊन दारात उभं राहिलं की त्याला निदान दार तरी उघडावं लागतं.

वसुबारसेपासून दार वाजू लागलं. समोरच्या वहिनींनी चकल्या आणि चिवडा आणला. मागच्या गल्लीतल्या बेननी मठिया आणि घूघरा पाठवला. घूघरा म्हणजे गुजरातीत बोलणारी करंजी. आमचं गाव सरहद्दीच्या इतकं जवळ आहे, की सुरत जवळची आणि पुणं परदेशात. शहाद्याच्या भाच्याकडून सांजोऱ्या आल्या. मिरचीच्या व्यापारातले जिभाऊ शेव घेऊन आले. ती शेव त्यांनी दाखवायला आणली की विकायला, कळेना, कारण पहिल्या घासालाच माझे अश्रू आले आणि ते बघून जिभाऊंचेही आले. त्यांच्या अश्रूंचं कारण वेगळं होतं. डॉक्टरीणबाईंनी अनारसे दिले. त्यांतले दोन तेलात हसलेले होते, पण बाई स्वतः कधी हसत नाहीत, तेव्हा एकूण हिशेब बरोबर झाला. आणखी दोन ताटं शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांकडून. एकूण सात. शिवाय धडगावकडचा एक जुना विद्यार्थी पिशवीभर सीताफळं आणि आमचूराच्या वाळवलेल्या फोडींची पुडी ठेवून गेला. तो शाळेत असताना मी त्याला रसग्रहणात दहापैकी तीन दिले होते. तरी आला.

ताटं आली. ती परत कशी करायची? 'रिकामं ताट परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी,' हा हिचा कायदा. वर्षाच्या आतल्या घराने काही द्यायचं नसतं, असं जो तो मला बजावत होता. पण चव्वेचाळीस वर्षं ज्या कायद्याखाली राहिलो तो एका वर्षाच्या सवलतीने रद्द होत नाही. ओट्यावर सात ताटं, प्रत्येकाच्या काठावर कोरलेलं कुणाचं ना कुणाचं नाव. सकाळी चहा करायला गेलो की ती माझ्याकडे बघत. न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा असाच बघतो.

"मी करते काहीतरी," नात म्हणाली. "तळायचं नाही ना? मग तळत नाही. चॉकलेटचं करते."

हे शास्त्रात बसतं का? मी विचार केला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' लिहिला १७९० च्या सुमारास. चॉकलेट तोवर जगात प्यायचीच वस्तू होती. खायची वडी इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने केली ती १८४७ साली. म्हणजे शास्त्र आधी झालं आणि वडी नंतर आली. सत्तावन्न वर्षांच्या फटीतून आमची नात सुटली. तरी खात्री म्हणून समोरच्या वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "कढई नाही ना? मग काही नाही." शास्त्रार्थ इतक्या थोडक्यात सांगणारा पंडित मी आजवर पाहिलेला नाही.

फळी कुठून आणायची हा पहिला प्रश्न. मी जेवायचा पाट सुचवला. "पाटावर माणसं बसतात," असं म्हणून नातीने तो बाद केला. शेवटी तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाची मधली फळी उचकटली. सागवानी आहे. दरवर्षी हिचे फराळाचे डबे त्याच फळीवर असत. यंदा ती मोकळी होती. घासली, धुतली, उन्हात वाळवली, तरी डब्यांच्या बुडांची गोल वर्तुळं काही गेली नाहीत.

मी म्हणालो, "डाग राहिले."

नात म्हणाली, "बरं झालं. वाट्या कुठे ठेवायच्या ते आजीने आखूनच ठेवलंय."

या कलेला व्याकरण आहे, हे मला तेव्हा कळलं. आधी वाट्या ठेवायच्या, कारण त्या हलत नाहीत. एकीत पातळ चॉकलेट, बुडवून खायला. दुसरीत दाणे, तिसरीत मनुका. मग मोठे नग: केकचे चौकोन, चॉकलेटच्या जाड वड्या. तेही एका जागी ढीग करून नाहीत, दोन-तीन ठिकाणी वाटून, म्हणजे फळीच्या कुठल्याही बाजूला बसलेल्याला आपण टोकाला पडलो असं वाटू नये. मग मधले नग ओळीत किंवा पंख्यासारखे. शेवटी फटी बुजवायच्या, बारीकसारीक वस्तूंनी. फळीचं लाकूड दिसता कामा नये. वृत्तात अक्षरं बसवायची तसंच हे काम. फक्त इथे चुकलेलं अक्षर खाऊन टाकता येतं, आणि नात दर दहा मिनिटांनी एक खात होती.

चॉकलेट वितळवायचं शास्त्र त्याहून कडक. थेट आचेवर ठेवायचं नाही. पातेल्यात पाणी गरम करून त्यावर दुसरं भांडं ठेवायचं. पाण्याचा एक थेंब आत पडला तर सगळं चॉकलेट रवाळ होऊन त्याचा गोळा होतो. रागीट पाहुण्याला एक शब्द लागावा आणि त्याने पान सोडून उठावं, तसं. शिवाय कोकोमधलं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं आणि माणसाच्या अंगाचं तापमान ३७. म्हणून चॉकलेट तोंडात ठेवलं की विरघळतं. आमच्याकडे दिवाळीतसुद्धा दुपारचा पारा तिशीच्या पुढे असतो. चॉकलेटच्या दृष्टीने नंदुरबार हे गावच एक उघडं तोंड आहे. तेव्हा कार्यक्रम रात्री आठनंतर ठेवायचा असं ठरलं. बुडवण्यासाठी केकच्या सामानाच्या दुकानातली साधी लादी आणली. तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. चव थोडी उतरते, पण ती उन्हाला टिकते आणि तिचे लाड करावे लागत नाहीत. खऱ्या चॉकलेटला तापवून, निववून, पुन्हा हलकं तापवून वळण लावावं लागतं. नाहीतर त्यावर पांढुरके डाग येतात. अस्सल माणसांचंही असंच असतं, पण तो विषय वेगळा.

पाडव्याला दुपारी चारला पहिली आवृत्ती माझ्यापुढे आली. कुकरमध्ये भाजलेला चॉकलेटचा केक, काळ्या चॉकलेटच्या वड्या, दुधाळ चॉकलेटच्या वड्या, पांढऱ्या चॉकलेटच्या वड्या, चॉकलेटात बुडवलेली बिस्किटं, चॉकलेटात घोळवलेले बदाम, आणि बुडवायला चॉकलेट.

"कसं वाटतंय आजोबा? खरं सांगा."

समीक्षकाला 'खरं सांगा' म्हणणं म्हणजे मांजराला 'दूध बघ' म्हणणं. मी सांगितलं, "रचना बांधेसूद आहे. पण प्रत्येक ओळीचं यमक एकच. तिसऱ्या ओळीला वाचक जांभई देईल. रस एकटा कधी खुलत नाही, त्याला विरोध लागतो. इथे आंबट काही नाही, खारट काही नाही, तिखट तर नाहीच. आणि हे बशीभर चॉकलेट खाऊन माणूस पाणी मागेल, दुसरा तुकडा मागणार नाही."

मला वाटलं, पोरगी रुसेल. ती म्हणाली, "बरोबर आहे. पुण्यात आम्ही स्ट्रॉबेरी घालतो."

स्ट्रॉबेरी आपल्याकडेही आहे. अक्कलकुव्याच्या डोंगरात, डाबच्या भागात आदिवासी शेतकरी ती पिकवतात. पण ती येते थंडीत. दिवाळीला सातपुड्याकडे असतं सीताफळ. ते आम्ही लावून पाहिलं. सीताफळ हे एकट्याने खायचं फळ आहे. फळीवर ते पसरतं, बिया सोडतं, आणि गंभीर नाटकात एखाद्या नटाने शिंकावं तसं सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे ओढून घेतं. त्याला मानाने बाजूला ठेवलं.

मग नातीची नजर ओट्यावरच्या ताटांकडे गेली. माझीही गेली. दोघंही एक क्षण काही बोललो नाही. कारण शेजाऱ्यांनी पाठवलेला फराळ शेजाऱ्यांनाच वाढायचा, हा विचार उच्चारायला जरा धाडस लागतं.

"फटीच बुजवायच्या आहेत," ती म्हणाली.

तासाभरात दुसरी आवृत्ती तयार झाली. वहिनींच्या चकल्या अर्ध्या चॉकलेटात बुडवून कमानीसारख्या मांडल्या. बेनच्या मठियांचे तुकडे त्रिकोणी शिडांसारखे उभे केले. आमचूराच्या फोडी टोकाला चॉकलेट लावून वाळत घातल्या. दाण्यांना जिभाऊंच्या मिरचीची भुकटी चोळली. केकच्या चौकोनांना जागा करून देऊन सांजोऱ्या आडव्या कापून बसवल्या. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पहिल्या आवृत्तीत फळीवर चॉकलेट होतं. दुसरीत फळीवर आमची गल्ली होती.

रात्री आठला मंडळी आली. आणि इथे मला या कलाप्रकाराचा सर्वांत मोठा दोष दिसला. फळीला आग्रह करता येत नाही.

आपल्या पंगतीत वाढणारा असतो. तो म्हणतो 'घ्या', आपण म्हणतो 'पुरे', तो वाढतो, आपण नाइलाजाने खातो. सगळी हाव त्याच्या नावावर जमा होते आणि आपण संयमी म्हणून उठतो. फळीपुढे ही सोय नाही. हात आपला, उचलायचं आपण, आणि किती उचललं ते सगळ्यांना दिसतंय. त्यामुळे दहा माणसं फळीभोवती उभी राहिली आणि एकानेही हात पुढे केला नाही. "छान सजवलंय," असं प्रत्येकाने दोनदा म्हणून झालं. फेब्रुवारीपासून ही मंडळी माझ्याकडे येत होती ती अशीच. खुर्चीच्या कडेवर टेकायची, हलक्या आवाजात बोलायची, चहा नको म्हणायची. मला वाटलं, फळी पडली.

तिला वाचवलं जिभाऊंच्या आईने. वय नव्वदीला टेकलेलं. त्यांना खुर्ची दिली होती, पण त्या फळीसमोर जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि नातीला म्हणाल्या, "हाई काय शे, माय?"

"चॉकलेट आहे आजी. दाण्याला मिरची लावलीय."

म्हातारीने चार दाणे वाटीत बुडवून तोंडात टाकले. सगळे बघत होते. मग त्या म्हणाल्या, "तिखट शे. गोड बी शे." आणि पुन्हा हात घातला. त्या खाली बसल्यावर कुणाला उभं राहता येईना. एकेक जण बसला. पाच मिनिटांत माझ्या दिवाणखान्यात सतरंजीवर पंगत झाली, मधे फळी, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा त्या खोलीत माणसं मोठ्याने बोलू लागली.

मी त्यांना माहिती पुरवली. शिक्षकाला गप्प बसवत नाही. म्हटलं, मिरची आणि कोको ही जोडी नवी नाही. अमेरिकेतले माया आणि ॲझ्टेक लोक कोकोच्या पेयात मिरची घालत. साखर नंतर युरोपात आली त्यात. आपली मिरचीसुद्धा मूळची अमेरिकेतलीच, पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेली.

"म्हणजे दोघी एकाच माहेरच्या?" बेननी विचारलं.

"एकाच. आणि इतक्या शतकांनी नंदुरबारात भेटताहेत."

जिभाऊंची छाती फुगली. गावाबाहेर त्यांच्या मिरचीच्या पथाऱ्या आहेत. हंगामात लाल गालिचे पसरल्यासारखं रान दिसतं आणि वारा फिरला की सगळ्या गावाला ठसका लागतो. आपण जन्मभर ज्या मालाचा भाव करतो त्याचं सोयरं इतकं बडं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आमचूराची फोड खाल्ली. त्यांचा चेहरा आधी आंबट झाला आणि मग त्या चक्क हसल्या. तेलाशिवाय.

मग समोरच्या वहिनींनी एक चकली उचलली. तोंडाशी नेली आणि थांबल्या. दिव्याखाली धरून फिरवून पाहिली.

"ही माझी चकली आहे."

नातीचा चेहरा पडला. "आजी, ते मी फटी बुजवायला..."

"अगं, बुजव की. पण माझीच आहे. ही बघ, एका अंगाला काटा नाही."

सगळे हसले. चॉकलेटात बुडवलेली चोरी काट्यावरून पकडली म्हणून मीही हसलो. वहिनी मात्र हसता हसता माझ्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, सोऱ्या तुमचाच आहे. दोन वर्षांपूर्वी ताईंकडून नेला होता. द्यायचा राहून गेला."

मला तो काटा माहीत होता. पितळी सोऱ्याची चांदणीची चकती एका वर्षी ओट्यावरून पडली आणि तिचं एक टोक दबून बुजलं. तेव्हापासून आमच्या घरच्या चकलीची एक बाजू गुळगुळीत. मी दरवर्षी म्हणत असे, "हा छंदोभंग आहे. नवी चकती आणू." आणि ही दरवर्षी म्हणे, "खाताना काटे मोजत बसू नका." एकतीस वर्षं मी अक्षरावरून मुलं ओळखली. नाव न घातलेला पेपर हातात आला तरी सांगायचो, हा कुणाचा. आणि हे ताट पाच दिवस माझ्या ओट्यावर होतं, दुपारभर ती चकली मी फळीवर 'रचनेच्या दृष्टीने' पाहत होतो, आणि मला अक्षर ओळखता आलं नाही. ते वहिनींना दिसलं. समीक्षा करायला दूर उभं राहावं लागतं असं मी वर्गात शिकवत आलो. किती दूर, ते सांगायचं राहिलं.

"उद्या आणून देते सोऱ्या," वहिनी म्हणाल्या.

"राहू द्या," मी म्हटलं. "तुमच्याकडेच असू द्या. पुढच्या वर्षी चकल्या मात्र पाठवा."

आणि डॉक्टरीणबाई समोर असताना मी ती चकली खाल्ली. चॉकलेटासकट. त्यांनी पाहिलं, आणि छताकडे पाहू लागल्या.

आता निष्कर्ष. चॉकलेटची फळी हा कलाप्रकार आपल्याकडे रुजेल काय? दोष सांगितले आहेत. नुसतं चॉकलेट एकसुरी होतं. उन्हाळ्याच्या गावी फळी टिकत नाही. तिच्यात आग्रह नाही, आणि आग्रहावाचून मराठी माणूस दुसरा घास घेत नाही. त्यासाठी नव्वदीची एखादी आजी गाठीला हवी. गुण एकच आहे, पण तो मोठा आहे. ताट एका घरून निघतं आणि दुसऱ्या घरी पोचतं. देणारा वेगळा, घेणारा वेगळा, आणि मधे परतफेडीचा हिशेब. फळीवर तो हिशेब लागत नाही. कुणी काय दिलं आणि कुणी काय खाल्लं याचा असा गुंता होतो, की ऋण कुणाचं कुणावर हे शोधायला काटे मोजावे लागतात. मात्र हे सगळं एका अटीवर. फळीची मोठी जागा चॉकलेटला द्यावी आणि फटी दुसऱ्यांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. ज्या फळीवरच्या सगळ्या वस्तू एकाच घरच्या, ती दुकानाची मांडणी झाली.

सातही ताटं त्याच रात्री परत गेली, प्रत्येकात चॉकलेटचे दोन तुकडे घालून. धडगावच्या विद्यार्थ्यासाठी एक डबा भरून ठेवला आहे. तीनाचे किमान सात तरी करायला हवेत.

पाहुणे गेल्यावर नात फळी धुवायला बसली. वर्तुळं होती तशीच राहिली. शेजारी चॉकलेटचा एक नवा डाग पडला आहे, तोही जाणार नाही असं दिसतं.

"आजोबा, मार्क किती?" तिने विचारलं.

मी काही बोललो नाही. ताटल्या तेवढ्या गोळा केल्या आणि घासायला टाकल्या.